पदवीचे नाव आणि जाहिरातीतले नाव

बियाण्याचे नवे वाण बाजारात आले की लोक पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. "साहेब, पेरू का?" असा सरळ प्रश्न असतो. मी पिशवी उलटी करून लेबल वाचतो. उगवणशक्ती किती, चाचणी कधी झाली, आपल्या भागासाठी शिफारस आहे का, एवढे बघतो आणि काय ते सांगतो. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून इतकी वर्षे हेच काम केले. पण अलीकडे पिशवीच्या जोडीने लोक आणखी एक वस्तू आणू लागले आहेत. ती म्हणजे कॉलेजांची माहितीपत्रके. गुळगुळीत कागद, हसरी पोरे, मागे काचेची इमारत. "साहेब, पोरीला ह्याला घालू का?" बियाण्याच्या पिशवीला १९६६ च्या कायद्याने लेबल तरी असते. माहितीपत्रकाला तसले लेबल नसते. उगवण किती होईल ते आपणच शोधायचे.

यंदाच्या मे महिन्यात असे एक माहितीपत्रक आमच्याच घरात आले. आमचे घर जुन्नर तालुक्यातले. धाकटा भाऊ शेती बघतो, मी नोकरीवर. भावाची मुलगी अकरावीपासून मुलुंडला अक्काकडे, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीकडे शिकायला आहे. बारावी विज्ञान शाखेतून बऱ्या मार्कांनी पास झाली आणि म्हणाली, मला क्रिमिनॉलॉजी करायचे आहे. मराठीत गुन्हेशास्त्र. एका खाजगी विद्यापीठात तीन वर्षांची पदवी, फी वर्षाला १ लाख ८० हजार, वर परीक्षा, गणवेश, अभ्यास सहल वगैरे धरून सगळे मिळून सहा लाखांच्या घरात. भावाने विहिरीजवळचे वीस गुंठे विकायचे मनात धरले. गिऱ्हाईकही बघितले. सात-बाऱ्यावर नावे दोघांची. तेव्हा मला फोन आला, "दादा, सही लागंल तुझी."

सही करायला माझी ना नव्हती. पोरगी हुशार आहे, आणि जमीन पोरांसाठीच असते. पण एक एकर नवे वाण पेरण्याआधी आपण एक गुंठा पेरून बघतो. मी म्हटले, आठ दिवस थांब. रजा टाकली आणि आळेफाट्याला एस.टी. धरून माळशेज घाटाने कल्याणला आणि तिथून लोकलने मुलुंडला उतरलो.

अक्काचे घर मुलुंड पूर्वेला, एक खोली आणि स्वयंपाकघर. दाजी एल. बी. एस. मार्गावरच्या एका कारखान्यात होते. त्यांच्या तरुणपणी त्या रस्त्याला दोन्ही अंगांनी भोंगे वाजायचे, आता तिथे टोलेजंग इमारती आहेत. रात्री जेवताना मी पोरीला विचारले, "तुला हे शिकून नेमके काय करायचे आहे?" माहितीपत्रकात लिहिलेले ती बोलेल असे मला वाटले होते. तपास यंत्रणा, गुप्तचर खाते, सायबर गुन्हे. पण ती दुसरेच बोलली.

आमच्या शेजारच्या वस्तीवरचे एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी फवारणी करताना विषबाधा होऊन गेले. त्यांची मुलगी आमच्या पुतणीची मैत्रीण. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना तुम्हाला माहीत आहेच. घरचा शेतकरी अपघाती गेला तर वारसाला दोन लाख मिळतात. मात्र विषबाधेच्या प्रकरणात पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल तर लागतोच, शिवाय रासायनिक विश्लेषणाचा अहवाल लागतो. ज्याला आपल्याकडे सगळे 'व्हिसेरा' म्हणतात तो. तो अहवाल येईना. फाईल कुठे अडली ते कुणालाच सांगता येईना. सुट्टीत आमची पुतणी त्या मैत्रिणीबरोबर दोनदा तालुक्याला हेलपाटे घालून आली होती. ती म्हणाली, "आप्पा, तिच्या आईला एकच वाक्य ऐकायला मिळायचं, अहवाल आला नाही. मला वाटलं, तो अहवाल लिहितं तरी कोण? आपण लिहायला शिकावं."

मी ताटावरून हात काढून तिच्याकडे बघत राहिलो. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले तेव्हापासून आम्ही मास्क वापरा, वाऱ्याच्या दिशेने फवारा, म्हणून गावोगाव सांगत फिरतो आहोत. पण माणूस गेल्यावर घरच्यांच्या वाटेला कोणता कागद येतो त्याचा विचार ह्या पोरीने केला होता.

"तो अहवाल रसायनशास्त्रवाला लिहितो," मी म्हटले. "गुन्हेशास्त्रवाला नव्हे."

हे वाक्य मी सहज बोललो, पण पुढचे तीन दिवस आम्ही दोघे त्याचीच खातरजमा करत हिंडलो. कारण ही दोन नावे माहितीपत्रकात शेजारी शेजारी छापतात, आणि वाचणाऱ्याला ती एकच वाटतात.

गुन्हेशास्त्र हे मुळात समाजाचे शास्त्र आहे. माणूस गुन्हा का करतो, शिक्षेने तो सुधारतो की बिघडतो, तुरुंगातून सुटल्यावर त्याचे काय होते, ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला न्याय कसा मिळतो, असे त्याचे विषय. आपल्या देशात विद्यापीठात त्याचा विभाग पहिल्यांदा निघाला तो १९५९ साली मध्य प्रदेशात सागरला. न्यायसहायक विज्ञान म्हणजे फॉरेन्सिक, ते वेगळे. रक्त, विष, बंदुकीची गोळी, हस्ताक्षर, अंगठ्याचे ठसे यांची प्रयोगशाळेत तपासणी. अंगठ्याचे शास्त्र तर आपल्या देशातच पुढे आले. जगातला पहिला अंगुलिमुद्रा विभाग १८९७ साली कलकत्त्यात निघाला. सावकाराच्या कागदावर अंगठे उठवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना याची कल्पना नव्हती, पण अंगठा खोटा पडत नाही हे त्यांना चांगले ठाऊक होते.

मला हे काम अगदीच परके नाही. बोगस बियाण्याच्या तक्रारीवरून गुणनियंत्रण निरीक्षकाबरोबर मी दुकानात गेलो आहे. बियाण्याच्या नमुन्याचे तीन भाग करतात. एक दुकानदाराला, एक तपासणीला, एक राखून ठेवायचा, कोर्टात वाद निघाला तर. पंचांच्या सह्या, लाखेचे सील, कागदावर वेळ. यातले एक जरी चुकले तर बियाणे कितीही बोगस असो, दुकानदार सुटतो. खुनाच्या तपासातही हेच, फक्त नमुना वेगळा.

पहिल्या दिवशी कुर्ल्याला उतरून कलिन्याला गेलो. राज्याची मुख्य न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा तिथे आहे. प्रादेशिक प्रयोगशाळा नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नांदेड इथे आहेत. आत कुणी सोडत नाही आणि सोडूही नये. आम्हाला आत जायचेच नव्हते. दाजींच्या ओळखीचे एक निवृत्त कर्मचारी चहाच्या टपरीवर भेटले. त्यांना मी एवढेच विचारले की भरतीच्या जाहिरातीत काय मागतात. ते म्हणाले, विज्ञानाची पदवी मागतात, विषाच्या आणि रसायनाच्या कामाला रसायनशास्त्र. मी जुन्या जाहिराती मोबाईलवर काढून पुतणीला वाचायला दिल्या. तिने दोनदा वाचल्या. गुन्हेशास्त्र हा शब्द तिला सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी देवनार. कुर्ल्याहून हार्बरची गाडी, गोवंडी स्टेशन. टाटा समाजविज्ञान संस्था तिथे आहे. १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा म्हणून ती निघाली, १९६४ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथे समाजकार्याची एम.ए. गुन्हेशास्त्र आणि न्याय हा विषय घेऊन करता येते. म्हणजे पदवी समाजकार्याची, विषय गुन्हेशास्त्राचा. हा फरक बारीक आहे पण पोटाच्या दृष्टीने मोठा आहे. परिवीक्षा अधिकारी म्हणा, बालसंरक्षण कक्षातली पदे म्हणा, संस्थांची कामे म्हणा, तिथे समाजकार्याची पदवी विचारतात. तिथली मुले तुरुंगात, कोर्टात, बालगृहात जाऊन काम शिकतात. याच संस्थेने १९९० साली 'प्रयास' नावाचे काम सुरू केले. वकील नाही, जामीन नाही, घरी निरोप द्यायला कुणी नाही, अशा कैद्यांसाठी. फाटकापाशी भेटलेल्या एका मुलीने सांगितले की पदवीला तिचा विषय इतिहास होता. कुठलीही पदवी चालते, प्रवेश परीक्षा द्यायची. बालसंरक्षणातली पुष्कळ पदे कंत्राटी असतात, हेही तिने न विचारता सांगितले. मला त्या मुलीचे कौतुक वाटले. माहितीपत्रकात असली माहिती नसते.

परतीच्या गाडीत मी पुतणीला स्वतंत्रपूरची गोष्ट सांगितली. सांगलीकडे आटपाडीजवळ ही वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थानाने मोठ्या गुन्ह्याच्या कैद्यांना तिथे उघड्या माळावर आणून शेती करायला लावली. भिंत नाही, बेड्या नाहीत. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट तिथल्याच प्रयोगावरून निघाला. पुस्तकातले गुन्हेशास्त्र ज्याला म्हणतात ते आपल्या माणदेशात नांगर धरून केले गेले होते. ती म्हणाली, "हे मला माहीतच नव्हतं. पण आप्पा, हे माझं काम नव्हे. मला माणसाला सुधरवायचं नाही. मला अहवाल लिहायचाय."

तिसऱ्या दिवशी आम्ही फोर्टात गेलो. मादाम कामा रोडवर विज्ञान संस्थेच्या जुन्या दगडी इमारतीच्या आवारात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. अशाच संस्था नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहेत. फीचा तक्ता बघून पुतणीनेच माहितीपत्रक पिशवीत खाली सारले.

पोलिसात जायचे असेल तर काय, हेही तिथेच निघाले. कारण घरी भावाच्या डोक्यात तेच होते, पोरगी फौजदार होईल. तर बंधूंनो आणि भगिनींनो, शिपाई भरतीला बारावी लागते. उपनिरीक्षकाच्या म्हणजे फौजदाराच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते. बी.ए. मराठी चालते, बी.एस्सी. कृषी चालते. आमच्या कृषी पदवीची किती पोरे फौजदार झाली आहेत ते पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. गुन्हेशास्त्राच्या पदवीला त्या परीक्षेत एक गुण जास्त मिळत नाही. शिपायाचा मूळ पगार २१,७०० पासून, उपनिरीक्षकाचा ३८,६०० पासून, भत्ते वेगळे. सहा लाख खर्चलेल्याला आणि न खर्चलेल्याला तोच. मुलींना फौजदारकीला उंची १५७ सेंटीमीटर लागते. अक्काच्या दाराच्या चौकटीवर खडूने खूण करून मापली, १५९ भरली. दोन सेंटीमीटर वरती निघाली म्हणून दाजींना कोण आनंद झाला. सहा लाखांत तेवढी उंची मिळत नाही, ती आईबापांनी फुकट दिलेली आहे.

रात्री सगळे बसलो तेव्हा पुतणीने मला एक प्रश्न टाकला. "आप्पा, तुम्ही बी.एस्सी. कृषी केलीत. शेती तर बाबा करतात. मग तुमच्या पदवीचा उपयोग काय झाला?"

अक्का पदराआड हसली. मी म्हटले, "पोरी, मी ज्या जाहिरातीला अर्ज केला तिच्यात माझ्या पदवीचे नाव छापलेले होते. कृषी पदवी असलेलाच उमेदवार हवा, असे. तेवढाच उपयोग, पण तोच घर चालवायला पुरला. तुला जी पदवी घ्यायची आहे तिचे नाव ज्या जाहिरातीत छापले आहे अशा तीन जाहिराती मला दाखव, मी आत्ता सही करतो."

तिने शोधल्या. रात्री साडेबारापर्यंत शोधल्या. खाजगी कंपन्यांची फसवणूक तपासणीची काही कामे सापडली, तिथे हिशेब किंवा कायदा येणारा माणूस हवा होता. पण गप्प बसणारी ती नव्हे. तिने नवा मुद्दा काढला. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये लिहिले आहे की सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावा गोळा करायचा. राज्यांना ही व्यवस्था उभी करायला पाच वर्षे दिली आहेत. "म्हणजे माणसं लागणारच ना?"

अक्काने तिची बाजू घेतली. १३ मार्च २००३ रोजी संध्याकाळी मुलुंड स्टेशनात लोकलच्या डब्यात स्फोट झाला, दहा-बारा माणसे गेली. त्या खटल्याचा निकाल लागायला २०१६ साल उजाडले. "तेरा वर्षं," अक्का म्हणाली. "त्या रात्री ह्या गल्लीत कुणाच्या घरी चूल पेटली नव्हती. पुरावा नीट गोळा करणारं माणूस नको का कुणी?"

दोघींचे म्हणणे खरे आहे. माणसे लागतील. पण त्याच कायद्याकडे बोट दाखवून किती कॉलेजांनी हा अभ्यासक्रम काढला असेल तेही बघायला हवे. कांद्याला भाव आला की पुढच्या हंगामात सगळे शिवार कांद्याचे होते, आणि मग कांदा रस्त्यावर. डी.एड.चे काय झाले ते आपल्याला विसरून चालणार नाही. कॉलेजे पावसाळी छत्र्यांसारखी उगवली, बापांनी जमिनी गहाण टाकून पोरे घातली, मग भरती थांबली आणि गुरुजी व्हायला निघालेली पोरे दुकानात कामाला लागली. म्हणून मी म्हटले, कायदा म्हणतो तो तज्ज्ञ विज्ञानाचा आहे. त्याचा पाया रसायनशास्त्रात, जीवशास्त्रात आहे. पाया आत्ता घाल. तो कुठल्याही हंगामात उपयोगी पडेल. भरती निघाली तर प्रयोगशाळा, नाही निघाली तर औषध कंपनी, खताचा कारखाना, अन्न तपासणी.

खर्चाचेही दोन शब्द सांगतो, कारण पुष्कळांना ते माहीत नसते. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ, हा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा. घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे, प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, आणि तो मागास, इतर मागास व आर्थिक दुर्बल घटकांना आहे. पण खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे आणि अभिमत विद्यापीठे त्यात नाहीत. आमच्या माहितीपत्रकावरचे विद्यापीठ खाजगीच होते. फोनवर बोलणारी त्यांची बाई "शिष्यवृत्ती मिळते सर" एवढेच म्हणत राहिली. कोणती, कुठल्या खात्याची, ते तीनदा विचारूनही सांगता आले नाही. दुसरे, बँकेचे शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत सहसा तारण न घेता मिळते. जमीन विकण्याआधी निदान बँकेचे दार वाजवावे. अर्थात कर्ज म्हणजे कर्जच. शिक्षण संपले की हप्ता सुरू होतो, नोकरी लागो न लागो. विकलेली जमीन हप्ता मागत नाही, पण ती परत येत नाही.

भावाला हे फोनवर सांगताना मला वाटले होते की तो सुटकेचा श्वास टाकेल. तो उलट नाराज झाला. म्हणाला, "दादा, पोरीनं एक मागितलं आणि आपण काटकसर केली असं व्हायला नको. तुला बापानं पुण्याला शिकवलं तेव्हा बैल विकला होता." हे खरे आहे. बैल विकला होता. मी त्याला एवढेच म्हटले, "मीही सही नाकारत नाही. पोरीशी बोल." फोन तिच्या हातात दिला. ती गॅलरीत जाऊन अर्धा तास बापाशी बोलली. काय बोलली ते मला माहीत नाही. आत आली तेव्हा डोळे पुसत होती, पण आवाज घट्ट होता. म्हणाली, "रसायन घेते. तीन वर्षांनी मला फोर्टाला जायचं असलं किंवा फौजदारकीला बसायचं असलं तर मात्र कुणी आडवं यायचं नाही. तेव्हा लागलीच तर सही करायची."

मी कबूल केले. दाजी साक्षीदार झाले.

मुलुंडातच मिठागर रोडवर वझे कॉलेज आहे, १९८४ पासूनचे. अक्काच्या घरापासून चालत जाता येते, म्हणजे पासाचे पैसेही वाचले. तिथे तिने रसायनशास्त्रासाठी अर्ज भरला. दुसऱ्या यादीत नाव लागले. फी भावाने टोमॅटोच्या पट्टीतून भरली.

माझी पुढच्या आठवड्यात तालुक्याला फेरी आहे. त्या मैत्रिणीच्या आईची फाईल पुन्हा वर काढायची आहे. अहवालाच्या पत्रव्यवहाराची तारीखवार नोंद पुतणीने एका वहीत करून माझ्याकडे दिली आहे, अक्षर सुरेख आहे. विहिरीजवळच्या वीस गुंठ्यांत भावाने पुन्हा टोमॅटोच लावला आहे. मी मिरची सांगितली होती.